सर्व्हर मदरबोर्डवरील डिस्क-पोर्ट कसे ओळखावेत

घरातल्या संगणकात डिस्क कुठे जोडायची, हा प्रश्न सहसा पडत नाही. साटाचे (डिस्क केबलने जोडण्याची नेहमीची पद्धत) चार-सहा पोर्ट आणि एम.२ चे (पट्टीसारखी छोटी डिस्क थेट बोर्डावर बसवण्याची जागा) एक-दोन स्लॉट एवढाच तिथला पसारा असतो, आणि डिस्क ज्यात बसते त्यात ती बहुधा चालतेही. सर्व्हरच्या मदरबोर्डवर हा भरवसा टिकत नाही. तिथे एकाच कामासाठी पाच-सहा आकारांचे पोर्ट असतात, त्यांतले काही एकमेकांसारखे दिसतात, आणि केबल अचूक बसूनही डिस्क दिसत नाही असा प्रकार वारंवार घडतो. जुना सर्व्हर घेऊन त्यावर कार्यालयाचा बॅकअप किंवा व्हर्च्युअल मशिने चालवू पाहणाऱ्याचे पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा डिस्कवर नव्हे, तर चुकीच्या केबलवर आणि गरज नसताना घेतलेल्या कार्डावर.

याचे कारण असे की पोर्टचा आकार पाहून त्यात कोणती केबल बसेल एवढेच कळते. त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला लावलेली डिस्क चालेल की नाही, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक पोर्टबाबत तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. कनेक्टरचा आकार कोणता, हा पहिला. त्यातल्या तारांवरून कोणता प्रोटोकॉल (संवादाची ठरलेली पद्धत) चालतो, म्हणजे साटा, सॅस (सर्व्हरच्या डिस्कांसाठीची पद्धत) की पीसीआयईवर (प्रोसेसरला कार्डे जोडणाऱ्या वेगवान दुव्यावर) चालणारा एनव्हीएमई (वेगवान एसएसडींसाठीची पद्धत), हा दुसरा. आणि त्या तारा बोर्डाच्या आतून कुठे जाऊन मिळतात, म्हणजे चिपसेटला (डिस्क, यूएसबी वगैरे प्रोसेसरशी जोडणाऱ्या चिपला), थेट प्रोसेसरला, की बोर्डावरच बसवलेल्या वेगळ्या सॅस कंट्रोलरला (डिस्का हाताळणाऱ्या चिपला), हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी मिळते; उरलेल्या दोहोंसाठी मॅन्युअल उघडावेच लागते.

आधी आकृती, मग केबल

मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये सुरुवातीच्या पानांवर ‘ब्लॉक डायग्राम’ नावाची आकृती असते. मध्यभागी प्रोसेसर, त्याखाली चिपसेट आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या रेषा असे तिचे स्वरूप असते. बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात. वास्तविक संपूर्ण मॅन्युअलमधले हेच पान सर्वाधिक उपयोगाचे असते, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे त्यावर एकत्र मिळतात. बोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक आणि आवृत्ती क्रमांक आधी टिपून घ्यावा आणि नेमके त्याच आवृत्तीचे मॅन्युअल उतरवून घ्यावे, कारण मॉडेलच्या नावातले शेवटचे एक अक्षर बदलले तरी बोर्डावर सॅस कंट्रोलर आहे की नाही, एवढा मोठा फरक पडू शकतो.

उदाहरणादाखल इंटेलचा सी६२१ चिपसेट घेऊ. २०१७ साली आलेल्या झिऑन स्केलेबल प्रोसेसरांबरोबर तो आला आणि आज वापरून विकलेल्या सर्व्हरांमध्ये तो मोठ्या प्रमाणावर सापडतो. या चिपसेटमध्ये साटाचे जास्तीत जास्त १४ पोर्ट असतात, पण ते एकाच कंट्रोलरचे नसतात: आठ एका कंट्रोलरचे आणि सहा दुसऱ्याचे. सुपरमायक्रोच्या बोर्डांवर पहिल्या गटाला ‘आय-साटा’ आणि दुसऱ्याला ‘एस-साटा’ असे छापलेले आढळते. एकेकटी डिस्क वापरायची असेल तर या फरकाचे काही वाटायला नको. मात्र इंटेलच्या अंगभूत रेडने (अनेक डिस्का एकत्र बांधून एक म्हणून चालवण्याची सोय) डिस्कांचा संच बांधायचा असेल, तर एकच संच दोन्ही गटांत पसरवता येत नाही. संचातल्या सर्व डिस्का एकाच गटात हव्यात. पाच डिस्का आय-साटाला आणि सहावी जवळ पडते म्हणून एस-साटाला, अशी जोडणी केल्यास रेडच्या पडद्यावर सहावी डिस्क त्या संचासाठी निवडताच येत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचा दुसरा परिणाम वेगावर होतो. हा चिपसेट प्रोसेसरशी डीएमआय ३.० या चार लेनांच्या (लेन म्हणजे माहितीची ये-जा करणाऱ्या तारांचा एक संच) दुव्याने जोडलेला असतो आणि त्याची क्षमता एका दिशेने सेकंदाला सुमारे ३.९ गिगाबाइट आहे. साटाची एक एसएसडी सलग वाचताना सुमारे ५५० मेगाबाइटचा वेग देते. म्हणजे अशा आठ एसएसडी एकाच वेळी पूर्ण वेगाने चालवल्या तर मागणी ४.४ गिगाबाइटवर जाते आणि तो दुवाच अपुरा पडतो. शिवाय चिपसेटवरचे यूएसबी आणि काही बोर्डांवर नेटवर्कदेखील त्याच वाटेने जाते. फिरत्या हार्ड डिस्का असतील तर ही अडचण जवळपास येत नाही, कारण २५० मेगाबाइट वेगाच्या १४ डिस्का मिळूनही ३.५ गिगाबाइटपर्यंतच पोहोचतात.

एएमडीच्या एपिक प्रोसेसरांच्या बोर्डांवर चित्र वेगळे दिसते. तिथे स्वतंत्र चिपसेट नसतोच. साटाचे पोर्टही थेट प्रोसेसरमधून निघतात. २०१७ च्या पहिल्या पिढीपासून एका सॉकेटमागे पीसीआयईच्या १२८ लेन मिळतात आणि त्यांतल्या काही लेना साटा म्हणूनही वापरता येतात. यामुळे एकच पोर्ट कधी साटाचा, कधी एनव्हीएमईचा, अशी सोय बोर्ड बनवणाऱ्याला करता येते. सोय मोठी आहे, पण घोटाळ्याला जागाही तिथेच आहे. त्याकडे पुढे येऊ.

दोन प्रोसेसरांच्या बोर्डावर आणखी एक गोष्ट आकृतीत पाहून ठेवावी. काही पोर्ट आणि स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात. दुसरे सॉकेट रिकामे असेल तर ते पोर्ट निर्जीव राहतात आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगांमध्ये) कितीही शोधले तरी सापडत नाहीत. खर्च वाचवण्यासाठी एकच प्रोसेसर बसवून घेणाऱ्यांनी हे खरेदीपूर्वीच तपासावे.

सात पिनांचा साटा

साटाचा पोर्ट सर्वांच्या ओळखीचा आहे: इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची खाच आणि सात संपर्क. पहिले मानक २००३ साली आले तेव्हा वेग सेकंदाला १.५ गिगाबिट होता. २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो ६ गिगाबिट झाला आणि तारेवरच्या साटाचा वेग तिथेच थांबला. प्रत्येक आठ बिटांमागे तारेवर दहा बिट पाठवले जात असल्यामुळे प्रत्यक्षात सेकंदाला ६०० मेगाबाइट ही कमाल मर्यादा ठरते. केबलची लांबी एक मीटरपेक्षा अधिक नसावी. जुन्या बोर्डांवर काही पोर्ट ३ गिगाबिटचे आणि काही ६ गिगाबिटचे असे मिश्रण असते. रंग वेगळे असले तरी रंगांचे सर्वमान्य मानक नाही, त्यामुळे मॅन्युअलमधल्या तक्त्यावरच विसंबावे.

एका वेगळ्या रंगाकडे मात्र लक्ष द्यावे. सर्व्हर बोर्डांवर एक-दोन साटा पोर्ट पिवळे किंवा नारिंगी असतात. त्यांतूनच वीजही मिळते, आणि ते साटाडॉम नावाच्या अंगठ्याएवढ्या एसएसडीसाठी ठेवलेले असतात. ऑपरेटिंग सिस्टिम अशा डॉमवर बसवली की समोरचे सगळे डिस्क-ट्रे माहितीसाठी मोकळे राहतात. याच पोर्टला साधी साटा केबल आणि साधी डिस्क लावली तरी ती चालते.

मिनी-सॅस: एक तोंड, चार वाटा

खरा गुंता मिनी-सॅसपासून सुरू होतो, आणि वापरलेल्या सर्व्हरांत हाच पोर्ट सर्वाधिक भेटतो. याचे आतल्या बाजूचे दोन प्रकार आहेत. जुना एसएफएफ-८०८७ हा रुंद, चपटा, धातूच्या कवचाचा आणि वर खटका असलेला असतो. ६ गिगाबिट सॅसच्या काळात तो सर्वत्र होता. नवा एसएफएफ-८६४३, ज्याला मिनी-सॅस एचडी म्हणतात, तो अधिक अरुंद आणि चौकोनी असून १२ गिगाबिट सॅसबरोबर, म्हणजे २०१३ च्या सुमारास रुळला. दोहोंत ३६ संपर्क आणि चार लेना असतात, म्हणजे एका पोर्टमागे थेट चार डिस्का. सर्व्हरच्या बाहेरच्या डिस्क-पेट्यांसाठी यांचेच एसएफएफ-८०८८ आणि एसएफएफ-८६४४ हे प्रकार मागच्या पट्टीवर दिसतात.

इथे पहिली दक्षता ही की मिनी-सॅसचा आकार दिसला म्हणजे सॅस मिळाले, असे समजू नये. चिपसेटचे चार साटा पोर्ट एका मिनी-सॅस कनेक्टरमध्ये बांधून देण्याची पद्धत सर्रास आहे, कारण चार स्वतंत्र पोर्टांपेक्षा त्याला जागा कमी लागते. अशा पोर्टवर साटाच्या डिस्का उत्तम चालतात, सॅसच्या मुळीच नाही. नियम एकतर्फी आहे: सॅस कंट्रोलर साटाची डिस्क स्वीकारतो, पण साटा कंट्रोलरला सॅसची डिस्क कळत नाही. जुन्या बाजारात सॅसच्या डिस्का फार स्वस्त मिळतात त्याचे एक कारण हेच, की घरच्या संगणकात त्या निरुपयोगी असतात. सॅस डिस्कच्या मागे माहितीचा आणि विजेचा भाग यांमधली मोकळी जागा प्लास्टिकने जोडलेली असते आणि त्या पुलाच्या पाठीवर दुसऱ्या पोर्टचे संपर्क असतात. म्हणूनच साधी साटा केबल तिच्यावर बसत नाही. ‘सॅस ते साटा’ म्हणून विकले जाणारे चिमुकले अडॅप्टर फक्त प्लास्टिकची अडचण दूर करतात. त्यांच्या पलीकडे सॅस कंट्रोलर नसेल तर ते पैसे पाण्यात गेले असेच धरावे.

दुसरी दक्षता केबलच्या दिशेची, आणि या विषयात सर्वाधिक वेळ खाणारी चूक हीच असावी. एका टोकाला मिनी-सॅस आणि दुसऱ्या टोकाला चार साटा प्लग अशी केबल दोन प्रकारची असते. बोर्डाच्या बाजूला मिनी-सॅस आणि डिस्कच्या बाजूला चार साटा असेल तर ‘फॉरवर्ड’ केबल लागते. बोर्डावर चार सुटे साटा पोर्ट आणि समोरच्या बॅकप्लेनवर (ट्रेंमागच्या, डिस्का ज्यात बसतात त्या पट्टीवर) मिनी-सॅस असेल तर ‘रिव्हर्स’ केबल लागते. दोन्ही केबली दिसायला एकसारख्या असतात, दोन्ही टोके दोन्ही बाजूंना व्यवस्थित बसतात, आणि चुकीची निवडली तर डिस्क फिरू लागते पण दिसत नाही.

यामागचे कारण समजून घेतले की घोटाळा पुन्हा होत नाही. साटाच्या सात पिनांत बोर्डाची पाठवणारी जोडी आणि डिस्कची घेणारी जोडी यांना एकच क्रमांक दिलेले आहेत, म्हणून साटाची केबल आत सरळ असते. मिनी-सॅसमध्ये दोन्ही टोकांची मांडणी सारखीच आहे, त्यामुळे पाठवणे आणि घेणे यांची अदलाबदल केबलनेच करायची असते. मिश्र केबलमध्ये ही अदलाबदल कोणत्या टोकाला बोर्ड आहे यावर ठरते, आणि म्हणून ती एकाच दिशेने चालते. विक्रेत्याच्या पानावर दिशेचा उल्लेख नसेल तर केबल फॉरवर्ड असण्याची शक्यता जास्त, कारण कार्डांना तीच लागते. तरीही विचारून घेणे बरे. दोन्ही टोकांना मिनी-सॅस असलेल्या केबलला हा प्रश्न लागू नाही.

मिनी-सॅसच्या मिश्र केबलला बहुधा एक छोटा जास्तीचा प्लगही लोंबत असतो. तो एसजीपीआयओ सिग्नलांचा असतो आणि ट्रेवरचे दिवे चालवतो. तो न लावल्यास डिस्का चालतात, पण बिघडलेल्या डिस्कचा लाल दिवा लागत नाही. आणि बारा सारख्या दिसणाऱ्या ट्रेंमधून बिघडलेली डिस्क शोधण्याची वेळ येते तेव्हा त्या प्लगची किंमत कळते.

बॅकप्लेनवर एक्सपँडर असेल तर आणखी एक अट येते. एक्सपँडर ही सॅसची सोय आहे: मिनी-सॅसच्या एकाच केबलवरून ती २४ किंवा त्याहून जास्त डिस्का चालवते, आणि त्यांत साटाच्या डिस्काही चालतात. पण बोर्डाच्या बाजूला सॅस कंट्रोलरच हवा. चिपसेटच्या साटाला एक्सपँडर कळत नाही, मग कनेक्टर मिनी-सॅसचा असला तरीही. १२ गिगाबिटच्या चार लेनांतून सेकंदाला सुमारे ४.८ गिगाबाइट जातात. त्यामागे २४ हार्ड डिस्का एकदम पूर्ण वेगाने वाचल्या तर थोडी कोंडी होते, पण रोजच्या वापरात तशी वेळ क्वचितच येते. त्यामुळे डिस्का फिरत्या असतील तर एका केबलवर समाधान मानायला हरकत नाही; एसएसडी असतील तर दुसरी केबल लावावी, बॅकप्लेनला ती चालत असेल तर.

बोर्डावर सॅस नसेल तर एचबीए कार्ड, म्हणजे सॅस कंट्रोलर असलेले वेगळे कार्ड, घ्यावे लागते. एलएसआयचे ९२११-८आय हे ६ गिगाबिटचे आणि ९३००-८आय हे १२ गिगाबिटचे कार्ड या कामासाठी सर्वपरिचित आहे. पहिल्याला एसएफएफ-८०८७ लागते आणि दुसऱ्याला एसएफएफ-८६४३. झेडएफएससारखी, डिस्कांचा संच स्वतःच सांभाळणारी प्रणाली वापरायची असेल तर कार्डावर आयटी मोडचे फर्मवेअर (कार्डाच्या आतले सॉफ्टवेअर) हवे, म्हणजे कार्ड मध्ये रेड न करता डिस्का जशाच्या तशा पुढे देते.

स्लिमसॅस, ऑक्युलिंक आणि एमसीआयओ

एनव्हीएमई आले तसे डिस्कला थेट पीसीआयईच्या चार लेना देण्याची गरज निर्माण झाली. साटाच्या एएचसीआय या आज्ञा देण्याच्या पद्धतीत ३२ आज्ञांची एकच रांग असते. २०११ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या एनव्हीएमईत ६४ हजारांच्या घरात रांगा चालू शकतात, आणि प्रत्येक रांगेत तितक्याच आज्ञा. या डिस्का समोरच्या ट्रेंमध्ये बसवायच्या तर पीसीआयई केबलवरून न्यावी लागते. बोर्डाच्या तांब्याच्या रेघांपेक्षा चांगल्या केबलमध्ये सिग्नल कमी क्षीण होतो, म्हणून वेग वाढत गेला तसे नव्या बोर्डांवर स्लॉट कमी आणि केबलचे कनेक्टर जास्त दिसू लागले.

यांतला ऑक्युलिंक सर्वांत लहान: ४२ संपर्क आणि चार लेना, म्हणजे एक एनव्हीएमई डिस्क. पीसीआयई ३.० च्या काळातल्या बोर्डांवर तो जास्त आढळतो. स्लिमसॅस, म्हणजे एसएफएफ-८६५४, हा पातळ आणि लांबट असून त्याचे दोन आकार आहेत: चार लेनांचा ३८ संपर्कांचा ‘४आय’ आणि आठ लेनांचा ७४ संपर्कांचा ‘८आय’. पीसीआयई ४.० च्या पिढीत याचाच वापर सर्वाधिक झाला. एमसीआयओ हा त्यानंतरचा, पीसीआयई ५.० साठीचा कनेक्टर. २०२२ च्या अखेरीस आलेल्या एपिक जेनोआ आणि २०२३ च्या आरंभी आलेल्या इंटेल सॅफायर रॅपिड्स प्रोसेसरांच्या बोर्डांवर तो दिसतो. त्याचेही ३८ आणि ७४ संपर्कांचे दोन आकार आहेत, आणि लांबून पाहिल्यास तो स्लिमसॅससारखाच भासतो. दोहोंच्या केबली परस्परांत चालत नाहीत, तेव्हा बळ लावण्यापूर्वी बोर्डावरचे नाव वाचावे.

या तिन्हींच्या बाबतीत वर सांगितलेला दुसरा प्रश्न कळीचा ठरतो, कारण एकाच कनेक्टरमधून बायोसच्या निवडीप्रमाणे साटाही निघू शकतो आणि पीसीआयईही. एपिकच्या अनेक बोर्डांवर स्लिमसॅस ८आय हा एकतर आठ साटा डिस्का देतो किंवा पीसीआयईच्या आठ लेना. पीसीआयई निवडल्यावरही काम संपत नाही: त्या आठ लेना दोन डिस्कांत चार-चार अशा विभागायच्या असतात, आणि ती विभागणीही बायोसमध्ये सांगावी लागते. विभागणी न केल्यास दोनपैकी एकच डिस्क दिसते आणि संशय उगाच दुसऱ्या डिस्कवर जातो. चार एम.२ डिस्का बसवण्याच्या स्वस्त कार्डांनाही हेच लागू आहे; १६ लेनांचा स्लॉट चार-चारच्या चार भागांत विभागण्याची सोय बायोसमध्ये नसेल तर त्या कार्डावरची एकच डिस्क चालते.

शिवाय लेना वाटून घेतलेल्या असू शकतात. अमुक स्लॉटमध्ये कार्ड बसवले की तमुक ऑक्युलिंक पोर्ट बंद, अशा अटी मॅन्युअलमध्ये तळटिपांत असतात, आणि काही बोर्डांवर ही निवड बायोसऐवजी जंपरने (बोर्डावरच्या पिनांवर बसवायच्या छोट्या टोपीने) करायची असते. या तळटिपा खरेदीच्या आधी वाचाव्यात. नंतर वाचल्या तर त्यांतून फक्त मनस्ताप मिळतो.

केबल निवडताना इथे साटापेक्षा कितीतरी अधिक काटेकोर राहावे लागते. पीसीआयईसाठी लेनांबरोबर १०० मेगाहर्ट्‌झचा क्लॉक सिग्नल आणि रिसेटचा सिग्नलही केबलमधूनच जातो. सॅससाठी बनवलेल्या केबलमध्ये ते नसण्याची शक्यता असते. विद्युत-रोधाचेही तसेच आहे: पीसीआयईला ८५ ओहमची केबल अपेक्षित असते, सॅसला १०० ओहमची, आणि स्लिमसॅसच्या केबली दोन्ही प्रकारांत मिळतात. त्यातच ट्राय-मोड (साटा, सॅस आणि एनव्हीएमई तिन्ही चालवणाऱ्या) कार्डांसाठी विकल्या जाणाऱ्या केबली आणि मदरबोर्डसाठीच्या केबली यांची आतली जोडणी वेगळी असू शकते, जरी दोन्हींवर तेच नाव छापलेले असले तरी. म्हणून या प्रकारात बोर्डाच्या कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेला केबलचा भाग-क्रमांक शोधणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो, केबल महाग वाटली तरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला साटाची केबल हातोहात मिळते. स्लिमसॅसची मागितली तर बहुधा मागवून घ्यावी लागते, आणि मागवलेली परत घेतली जाईलच असे नाही.

एसएफएफ-८६४३ चा एक चकवाही इथेच सांगायला हवा. ऑक्युलिंक रुळण्यापूर्वी काही बोर्डांनी आणि पुढे ट्राय-मोड कार्डांनी याच मिनी-सॅस एचडी कनेक्टरमधून पीसीआयई दिली. त्यामुळे एकाच आकाराच्या या कनेक्टरमागे चिपसेटचा साटा, सॅस किंवा एनव्हीएमई यांपैकी काहीही असू शकते, आणि नुसते पाहून ते सांगता येत नाही.

एम.२ बद्दल थोडक्यात

एम.२ चा स्लॉट सर्व्हरमध्ये मुख्यतः ऑपरेटिंग सिस्टिमसाठी असतो. त्याबाबत तीन गोष्टी तपासाव्यात: तो साटा चालवतो, एनव्हीएमई चालवतो की दोन्ही, किती लांबीची डिस्क त्यात बसते, आणि तो चिपसेटला जोडलेला आहे की प्रोसेसरला. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. सर्व्हरसाठीच्या अनेक डिस्का २२११० लांबीच्या असतात, कारण वीज अचानक गेल्यास हातातली माहिती लिहून पूर्ण करण्यापुरती ऊर्जा साठवणाऱ्या कपॅसिटरांना ती जास्तीची जागा लागते. वीज जाणे जिथे नेहमीचे आहे तिथे या डिस्कांवर थोडा जास्त खर्च करावा, असे माझे मत आहे. एम.२ मध्ये साटाची डिस्क लावली की बोर्डावरचा एखादा साटा पोर्ट बंद पडतो, ही अटही काही बोर्डांवर असते.

डिस्कच्या बाजूचे टोक

अडीच इंची एनव्हीएमई डिस्कच्या मागे ६८ संपर्कांचा एसएफएफ-८६३९, म्हणजेच यू.२, हा कनेक्टर असतो. यू.२ च्या बॅकप्लेनच्या सॉकेटमध्ये साटा, सॅस आणि एनव्हीएमई या तिन्ही डिस्का बसतात. चालतात त्या मात्र मागून ज्या केबली जोडल्या असतील त्याच. कारण यू.२ मध्ये सॅस-साटाच्या आणि पीसीआयईच्या तारा वेगवेगळ्या संपर्कांवर आहेत, आणि एकाच ट्रेत दोन्ही हवे असतील तर बॅकप्लेनला दोन्ही संच जोडावे लागतात. यू.३ मध्ये तिन्ही प्रोटोकॉल त्याच संपर्कांवर आणले गेले. यू.३ ची डिस्क यू.२ च्या ट्रेत चालते, उलट मात्र यू.२ ची डिस्क यू.३ च्या ट्रेत चालेल असे धरता येत नाही. वापरलेल्या डिस्का घेताना विक्रेते हा फरक क्वचितच लिहितात, तेव्हा मॉडेल क्रमांकावरून खात्री करावी.

विजेच्या टोकाचीही एक खोड आहे. मोठ्या क्षमतेच्या एंटरप्राइझ हार्ड डिस्कांत वीज-कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आला की डिस्क बंद राहते, जेणेकरून दूरवरून ती बंद-चालू करता यावी. बॅकप्लेनवर याचा त्रास सहसा होत नाही, पण साध्या पॉवर सप्लायची साटा वीज-केबल थेट लावली तर चांगली डिस्क मेल्यासारखी वागते. चार पिनांच्या मोलेक्स या जुन्या वीज-प्लगवरून अडॅप्टर घेतल्यास ३.३ व्होल्ट पोहोचतच नाही आणि प्रश्न मिटतो. अडॅप्टर मात्र एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेला घेऊ नये. त्या प्रकारात आतल्या तारा एकमेकांना टेकून जळाल्याची उदाहरणे आहेत.

बायोस आणि शेवटची तपासणी

जोडणी झाल्यावर बायोसमध्ये साटा कंट्रोलर एएचसीआयवर आहे ना, बहुपर्यायी पोर्टांची निवड साटा की पीसीआयई अशी योग्य आहे ना आणि लेनांची विभागणी बरोबर आहे ना, हे पाहावे. इंटेलच्या बोर्डांवर व्हीएमडी नावाची सोय चालू असेल तर एनव्हीएमई डिस्का तिच्यामागे झाकल्या जातात आणि तिचा ड्रायव्हर नसलेल्या विंडोजच्या इन्स्टॉलरला त्या दिसत नाहीत. त्या डिस्कांचा रेड बांधायचा नसेल तर व्हीएमडी बंद ठेवणे सोपे पडते.

डिस्क दिसली म्हणजे जोडणी नीट झाली, असेही नाही. लिनक्सवर एलएसपीसीआय ही आज्ञा तपशिलासह चालवल्यास प्रत्येक एनव्हीएमई डिस्कपुढे दोन ओळी येतात: दुव्याची क्षमता किती आणि प्रत्यक्षात तो कोणत्या वेगाने व किती लेनांवर जुळला. पीसीआयई ४.० च्या डिस्कपुढे १६ ऐवजी ८ गिगाट्रान्सफर दिसले, किंवा चारऐवजी दोनच लेना दिसल्या, तर आधी त्या पोर्टची मॅन्युअलमधली कमाल मर्यादा पाहावी आणि ती पुरेशी असेल तर केबलवर संशय घ्यावा. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत पीसीआयईच्या दुरुस्त झालेल्या त्रुटी सतत येत असतील तर तेही केबल लांब किंवा हलकी असल्याचेच लक्षण असते. साटाच्या डिस्कांसाठी स्मार्टसीटीएल या डिस्क-तपासणीच्या आज्ञेने क्रमांक १९९ ची नोंद पाहावी. ती सीआरसी त्रुटींची, म्हणजे वाटेत माहिती बिघडल्याच्या प्रसंगांची, मोजणी असते, आणि ती वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसून केबलचा किंवा कनेक्टरचा असतो. हा आकडा शून्यावर परत येत नाही, म्हणून आजचा आकडा टिपून ठेवावा आणि डिस्कवर काही तास लिहिणे-वाचणे करून पुन्हा पाहावा.

झाकण लावण्याआधी एक तक्ता करावा: ट्रे क्रमांक, डिस्कचा अनुक्रमांक, केबल आणि बोर्डावरच्या पोर्टचे छापील नाव. लिनक्समध्ये डिस्कला मिळणारे एसडीए, एसडीबी हे नाव पुढच्या वेळी तेच राहील याची खात्री नसते, अनुक्रमांक मात्र बदलत नाही. तक्त्याची एक प्रत झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी आणि दुसरी त्या सर्व्हरव्यतिरिक्त अन्यत्र ठेवावी.